लाइटनिंग नोडची गुपितं: 24 शब्द, चॅनल बॅकअप आणि मॅकरून नीट सांभाळण्यासाठी

लाइटनिंग म्हणजे बिटकॉइनवर उभं असलेलं झटपट पेमेंटचं जाळं, आणि त्यात भाग घेणारा संगणक म्हणजे नोड. घरी असा नोड सुरू करणाऱ्या बहुतेकांचा एक समज असतो: वॉलेटची मूळ किल्ली असलेले 24 शब्द कागदावर उतरवले की काम झालं. साध्या बिटकॉइन वॉलेटपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. लाइटनिंगला ते पुरत नाही, कारण चॅनलमध्ये (दुसऱ्या नोडसोबतच्या सामायिक खात्यात) अडकलेले पैसे फक्त त्या शब्दांनी परत येत नाहीत. दुसरा समज याहून घातक आहे. काही जण रोज रात्री अख्ख्या डिस्कची प्रत काढतात आणि बिघाड झालाच तर तीच परत चढवू म्हणतात. बाकी कुठल्याही संगणकासाठी ही सवय उत्तम. लाइटनिंग नोडवर मात्र जुनी प्रत चढवल्याने चॅनलमधली सगळी रक्कम समोरच्याकडे जाऊ शकते.

म्हणून आधी गुपितांची विभागणी डोक्यात पक्की करा. पहिलं गुपित म्हणजे 24 शब्दांचं सीड. ते कधीच बदलत नाही आणि इंटरनेटपासून कायम लांब राहायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे स्टॅटिक चॅनल बॅकअपची फाइल. ती प्रत्येक चॅनल उघडताना आणि बंद होताना बदलते, त्यामुळे तिची प्रत आपोआप घराबाहेर गेली पाहिजे. तिसरा म्हणजे चॅनलचा चालू हिशेब ठेवणारा डेटाबेस. तो दर पेमेंटला बदलतो आणि त्याची जुनी प्रत वापरण्याजोगी नसते. चौथ्या आहेत मॅकरून नावाच्या छोट्या फायली. त्यांच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, पण सीड हाती नसतानाही त्यांच्या बळावर पैसे पाठवता येतात. या चौघांना एकच नियम लावला की नुकसान ठरलेलं आहे.

लेखातल्या पायऱ्या एलएनडी या लाइटनिंग नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आहेत. अम्ब्रेलसारख्या तयार प्रणालीत यातली काही कामं बटणांमागे होतात, पण आतल्या फायली त्याच असतात. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत टाइप करायच्या.

सीड बनवण्याआधी

यंत्र स्वच्छ हवं. जुन्या लॅपटॉपवर नोड बसवणार असाल तर आधीची प्रणाली पुसून लिनक्स नव्याने बसवा. त्या यंत्रावर ब्राउझर, ईमेल, टोरेंट काहीच नको. रास्पबेरी पाय वापरत असाल तर डेटा एसडी कार्डवर ठेवू नका. सतत लिहिण्याच्या ताणाने कार्डं लवकर दगावतात. बिटकॉइनची पूर्ण साखळी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही, आता 600 जीबीच्या वर गेली आहे, म्हणून निदान 1 टीबीची, शक्यतो 2 टीबीची एसएसडी घ्या.

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच उतरवा आणि त्यावरची डिजिटल सही तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण वगळू नका. बनावट प्रतीने बनवलेलं सीड चोराला आधीपासून माहीत असेल, तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

सीड स्वतःच्या मनाने शब्द निवडून कधीही बनवू नका. माणसाला यादृच्छिक निवड जमत नाही, आणि कधी कधी सॉफ्टवेअरलाही जमत नाही. 2023 मध्ये लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या साधनातला दोष उघड झाला. त्याच्या 3.x आवृत्त्यांतली सीड बनवणारी आज्ञा केवळ 32 बिटांची यादृच्छिकता वापरत होती. म्हणजे साधारण 4.3 अब्ज शक्यता, ज्या एक साधा संगणक काही दिवसांत तपासून संपवतो. शब्द 24 दिसत होते, पण त्यांच्यामागचं बळ नगण्य होतं आणि अनेकांची वॉलेटं रिकामी झाली. एलएनडी यादृच्छिकता कार्यप्रणालीच्या सुरक्षित स्रोतातून घेतं आणि तिचं बळ 128 बिटांचं असतं. त्यात हात घालायची गरज नाही.

वॉलेट तयार करणं

ही साखळी उतरवून तपासणारं बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर पूर्ण सिंक झालं आणि एलएनडी सुरू झालं की टर्मिनलवर 'एलएनसीएलआय क्रिएट' ही आज्ञा द्या. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको. लॅपटॉपचा पडदा कुठल्याही व्हिडिओ कॉलमध्ये किंवा रिमोट अ‍ॅपमध्ये शेअर होत नाही ना, तेही बघा.

पहिला प्रश्न वॉलेटच्या पासवर्डचा येतो. तो किमान 8 अक्षरांचा लागतो, मी म्हणेन 20 च्या पुढे जा. हा पासवर्ड फक्त या यंत्रावरची वॉलेटची फाइल कुलूपबंद ठेवतो. तो विसरलात तर सीडवरून वॉलेट पुन्हा उभं करता येतं. उलट, सीड गेलं तर हा पासवर्ड ते परत देऊ शकत नाही.

मग विचारलं जातं की जुनं सीड आहे का. नवा नोड असेल तर 'एन' दाबा. पुढचा प्रश्न पासफ्रेजचा असतो आणि इथे थोडं थांबावं. पासवर्ड आणि पासफ्रेज या वेगळ्या गोष्टी आहेत. पासफ्रेज खुद्द सीडला कुलूप लावते. ती ठेवलीत तर 24 शब्द कोणाच्या हाती लागले तरी तिच्याशिवाय निरुपयोगी ठरतात. पण ती विसरलात तर ते शब्द तुमच्याही कामाचे राहत नाहीत.

ठेवावी का? शब्दांचा कागद एखाद्या नातेवाइकाच्या घरी किंवा भाड्याच्या जागेत राहणार असेल तर जरूर ठेवा. शब्द फक्त तुमच्याच ताब्यातल्या तिजोरीत राहणार असतील आणि रक्कम मर्यादित असेल, तर रिकामी सोडलेली मला जास्त बरी वाटते. विसरलेल्या पासफ्रेजमुळे हरवणारे पैसे चोरीइतकेच कायमचे जातात. ठेवायची ठरवलीत तर फासे टाकून शब्द निवडा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या यादीत 7,776 शब्द आहेत. पाच फासे टाकले की एक शब्द मिळतो आणि अशा सहा शब्दांत सुमारे 77 बिटांचं बळ येतं. मुलाचं नाव आणि जन्मसाल जोडून बनवलेली पासफ्रेज काही कामाची नाही.

यानंतर पडद्यावर 24 शब्द येतात. ते पुन्हा दिसत नाहीत. एलएनडी सीडचे शब्द स्वतःजवळ साठवत नाही, त्यामुळे नंतर कुठल्याही आज्ञेने ते काढता येणार नाहीत. आत्ताच लिहा.

शब्द उतरवताना

शब्द एका ओळीत चार अशा मांडणीत येतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. काही जण वरून खाली वाचत जातात आणि क्रम चुकतो. म्हणून क्रमांकासकट लिहा. लिहून झाल्यावर शेवटून पहिल्यापर्यंत उलटं वाचून पडताळा. सरळ वाचताना डोळा अपेक्षेप्रमाणे वाचतो, उलट वाचताना एकेक शब्द वेगळा दिसतो.

फोटो काढू नका, एक मिनिटासाठीसुद्धा नको. फोनची गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते, आणि धोका तेवढ्यावर थांबत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाची घातक प्रणाली उघड केली. गूगल आणि अ‍ॅपल या दोघांच्या अधिकृत दुकानांतल्या काही अ‍ॅपांमध्ये ती लपलेली होती. गॅलरीतल्या चित्रांतला मजकूर वाचून ती वॉलेटचे शब्द शोधत असे. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला संदेश, ईमेलचा मसुदा, नोट्सचं अ‍ॅप, ऑफिसचा प्रिंटर किंवा झेरॉक्सचं दुकान यांनाही हाच नियम.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहा, कारण दहा वर्षांनी त्यांचीच गरज पडेल: हे सीड 'एझीड' पद्धतीचं आहे, ते एलएनडीचं आहे, आणि आजची तारीख. एझीडचे शब्द इतर वॉलेटांच्या शब्दांसारखेच दिसतात. 2,048 शब्दांची यादीही तीच असते. पण आतली रचना वेगळी असल्याने ते बहुतेक हार्डवेअर वॉलेटांत (किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या उपकरणांत) किंवा मोबाइल वॉलेटांत चालत नाहीत. घरचं कोणी ते दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घालून पाहील, 'अवैध' असा संदेश येईल आणि ते पैसे गेले असं समजून कागद टाकून देतील. त्या एका ओळीने हा धोका टळतो. एझीडचा एक मोठा फायदाही आहे. सीड कधी जन्मलं याची नोंद त्यातच असते, त्यामुळे पुनर्प्राप्तीच्या वेळी वॉलेटला अख्खी साखळी सुरुवातीपासून धुंडाळावी लागत नाही.

कागद ही पहिली पायरी समजा. कोकणात किंवा गोव्यात चार महिने दमट हवा, कपाटात वाळवीची भीती, आणि शाई पसरते ती वेगळीच. महत्त्वाची रक्कम असेल तर स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा अक्षरांच्या पंचांचा संच आणा. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो, म्हणजे जास्तीत जास्त 96 अक्षरं ठोकायची. एका दुपारचं काम आहे. नेमप्लेट किंवा ट्रॉफीवर नावं कोरणाऱ्या दुकानात हे शब्द देऊ नका. तिथे ते संगणकात टाइप होतात आणि ती फाइल तिथेच राहते.

दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. एक घरी आणि दुसरी गावच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरबद्दल एवढं माहीत असू द्या की आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंतच असते. सात वर्षं लॉकर उघडला नाही तर बँक ठरलेल्या पद्धतीने तो फोडूही शकते. पासफ्रेज असेल तर ती शब्दांच्या शेजारी कधीच ठेवू नका.

12 शब्द इथे आणि 12 तिथे असे तुकडे करायची कल्पना अनेकांना आवडते. मला ती पटत नाही. त्यात चोरी थोडी अवघड होते, पण दोनपैकी एक तुकडा हरवला तरी सगळं जातं, म्हणजे हरवण्याचा धोका दुप्पट. त्यापेक्षा पूर्ण शब्द एका जागी आणि पासफ्रेज दुसऱ्या जागी.

पैसे टाकण्याआधी एकदा मोडून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत हीच सगळ्यात मोलाची आहे, आणि ती फक्त आत्ताच, नोड रिकामा असताना निर्धास्तपणे करता येते.

'एलएनसीएलआय गेटइन्फो' ही आज्ञा देऊन नोडची ओळख सांगणारी सार्वजनिक की लिहून ठेवा. ती 66 अक्षरांची असते आणि सीडमधूनच निघते. आता एलएनडी थांबवा आणि त्याच्या डेटा फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा. एलएनडी नव्याने सुरू करून पुन्हा 'क्रिएट' द्या. या वेळी जुनं सीड आहे असं सांगा आणि शब्द केवळ कागदावरून वाचून टाइप करा. पुन्हा 'गेटइन्फो' बघा. की जुळली तर तुमचा कागद खरा आहे. शब्द किंवा पासफ्रेज चुकली तर एझीड तिथेच त्रुटी दाखवतं. नेहमीच्या वॉलेटांत चुकीची पासफ्रेज गुपचूप वेगळंच रिकामं वॉलेट उघडते, तो गोंधळ इथे होत नाही.

की जुळल्यावर बाजूला ठेवलेलं जुनं फोल्डर पुसून टाका. एकाच सीडचे दोन नोड कधीही एकाच वेळी चालू राहता कामा नयेत.

वीज गेल्यावर काय

नोड पुन्हा सुरू झाला की वॉलेट कुलूपबंद असतं. 'एलएनसीएलआय अनलॉक' देऊन पासवर्ड टाइप करेपर्यंत चॅनल बंद पडलेली राहतात. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जात असेल तर यासाठी कायम घरी बसणं शक्य नाही. त्यासाठी पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवून एलएनडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये तिचा पत्ता देण्याची सोय आहे. ती वापरली तर फाइल फक्त एलएनडीच्या वापरकर्त्यालाच वाचता येईल अशी ठेवा. आणि हेही लक्षात घ्या की यंत्र चोरीला गेलं तर कुलूप आणि किल्ली एकत्रच गेली. लिनक्स बसवतानाच डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केली तर हा धोका बराच कमी होतो, पण मग रीस्टार्टला डिस्कचा पासवर्ड लागतो. घर सतत माणसांनी भरलेलं असेल तर आपोआप अनलॉक ठीक आहे. दुकानात किंवा ऑफिसात नोड असेल तर एन्क्रिप्शन आणि हाताने अनलॉक बरं. दोन्ही परिस्थितींत छोटा यूपीएस घ्या. लिहिणं चालू असताना वीज गेली की डेटाबेस बिघडतो, आणि तो बिघाड बाकी सगळ्यापेक्षा महाग पडतो.

गणपतीला दहा दिवस गावी जाताना बंद नोड मागे सोडून जाऊ नका. चॅनलच्या दुसऱ्या टोकाच्याने त्याच्या फायद्याचा जुना हिशेब साखळीवर टाकला तर त्याला हरकत घेण्यासाठी ठरावीक मुदत असते. एलएनडीमध्ये ती चॅनलच्या आकारानुसार 144 ते 2,016 ब्लॉकची, म्हणजे साधारण एक दिवस ते चौदा दिवसांची असते. छोट्या चॅनलला ती जेमतेम दिवसभराचीच. यावरचा उपाय म्हणजे वॉचटॉवर. तुमच्या गैरहजेरीत साखळीवर नजर ठेवणारा हा दुसरा कोणाचा तरी नोड असतो. ही सोय एलएनडीमध्ये 2019 पासून आहे. ओळखीच्या दोन नोडचालकांनी एकमेकांचे वॉचटॉवर व्हावं, हे मला सगळ्यात साधं वाटतं. टॉवरला मिळणारी माहिती एन्क्रिप्टेड असते. फसवणूक प्रत्यक्ष झाल्याशिवाय त्याला तुमच्या चॅनलबद्दल काही कळत नाही.

चॅनल बॅकअपची फाइल

एलएनडीच्या फोल्डरात डेटा, चेन, बिटकॉइन, मेननेट असं आत गेलं की 'चॅनल डॉट बॅकअप' नावाची फाइल दिसते. कोणत्या नोडशी कोणतं चॅनल आहे आणि त्या नोडशी संपर्क कसा करायचा, एवढंच तिच्यात असतं. शिल्लक किती हे नसतं, म्हणूनच तिला स्टॅटिक म्हणतात. ती सीडमधून काढलेल्या कीने एन्क्रिप्ट केलेली असते, त्यामुळे क्लाउडवर ठेवायला हरकत नाही. सीड नसलेल्याला ती निव्वळ निरर्थक आकडे दाखवते. सीडला कडक नियम लावणारे पुष्कळ जण याही फाइलला तेच नियम लावून ती पेनड्राइव्हवर कपाटात ठेवतात. मग सहा महिन्यांत उघडलेली नवी चॅनल त्या पेनड्राइव्हवर नसतात. ही फाइल तिजोरीत ठेवायची नाही. ती सतत ताजी राहून घराबाहेर गेली पाहिजे.

लिनक्सवर आयनोटिफाय नावाची सोय आहे. फाइल बदलली की ती कळवते आणि छोटी स्क्रिप्ट लगेच नवी प्रत दुसरीकडे पाठवते. यात एक खाच आहे. एलएनडी ही फाइल जागच्या जागी बदलत नाही. आधी तात्पुरती फाइल लिहितं आणि मग तिला मूळ नाव देतं. त्यामुळे स्क्रिप्टने फक्त त्या एका फाइलवर नजर ठेवली तर पहिल्या बदलानंतर ती आंधळी होते. नजर फोल्डरवर ठेवायला सांगा. प्रती दोन ठिकाणी पाठवा: एक क्लाउडवर आणि एक दुसऱ्या शहरातल्या मित्राच्या किंवा भावाच्या यंत्रावर. प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख आणि वेळ घाला, म्हणजे अर्धवट पोचलेली फाइल आधीच्या चांगल्या प्रतीवर बसणार नाही.

महिन्यातून एकदा बाहेरची प्रत परत आणून 'एलएनसीएलआय व्हेरिफायचॅनबॅकअप' या आज्ञेने तपासा. शिवाय आपल्या प्रत्येक साथीदार नोडची सार्वजनिक की आणि पत्ता एका साध्या यादीत ठेवा. ही यादी गुप्त नाही, पण अडचणीच्या वेळी खूप कामी येते.

जुना डेटाबेस का चढवायचा नाही

लाइटनिंगमध्ये प्रत्येक पेमेंटनंतर दोन्ही बाजू नव्या हिशेबावर सही करतात आणि जुना हिशेब रद्द करतात. रद्द झालेला हिशेब तुम्ही साखळीवर टाकलात तर प्रणाली त्याला लबाडी समजते, आणि समोरच्याला त्या चॅनलमधली सगळी रक्कम घ्यायचा अधिकार मिळतो. विकलेल्या जमिनीचा जुना सातबारा दाखवून ती पुन्हा आपलीच म्हणण्यासारखं हे आहे. फरक इतकाच की इथे तलाठी, तहसीलदार, अपील काही नाही. दंड आपोआप वसूल होतो आणि तुमचा हेतू कोणी विचारत नाही.

'चॅनल डॉट डीबी' या फाइलची कालची प्रत म्हणजे असाच जुना उतारा. मध्ये एक जरी पेमेंट झालं असेल तरी ती धोकादायक आहे. म्हणून अख्ख्या यंत्राची प्रतिमा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून हे फोल्डर वगळा. म्हणजे घाईच्या वेळी ती चढवायचा मोह होणार नाही. डिस्क दगावण्यापासून वाचायचं असेल तर दोन डिस्कवर एकाच क्षणी लिहिणारी आरसा-मांडणी करा. त्यात दोन्ही डिस्क कायम ताज्या असतात, त्यामुळे हा धोका येत नाही.

नव्या यंत्रावर जायचं असेल तर एलएनडी व्यवस्थित थांबवा, पूर्ण फोल्डर हलवा आणि जुन्या यंत्रावरचं एलएनडी आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करा. माझा आग्रह असा की जुन्या यंत्रावरून ते काढूनच टाका. वीज जाऊन आल्यावर जुनं यंत्र स्वतःहून जागं झालं, तर एका सीडचे दोन नोड एकाच वेळी चालू होतात.

मॅकरून

मॅकरून म्हणजे नोडला हुकूम देण्याचा परवाना. एलएनडी असे परवाने स्वतः तयार करतं. 'अ‍ॅडमिन' सगळं करू शकतो, 'रीडओन्ली' फक्त बघू शकतो, 'इन्व्हॉइस' बिलं बनवून पैसे स्वीकारू शकतो. अ‍ॅडमिन मॅकरून ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमची सगळी शिल्लक. त्याला सीडची गरजच नाही.

फोनवरचं अ‍ॅप नोडला जोडताना जो क्यूआर कोड दिसतो, त्यात पत्त्यासोबत हा परवानाही भरलेला असतो. मदत मागताना त्याचा स्क्रीनशॉट टाकणारे लोक दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. दुकानातल्या बिलांच्या सॉफ्टवेअरला फक्त इन्व्हॉइसचा परवाना द्या. वेगवेगळ्या वापरासाठी 'बेकमॅकरून' आज्ञेने वेगळ्या मूळ-की क्रमांकाचे परवाने बनवा. मग फोन हरवला तर 'डिलीटमॅकरूनआयडी' देऊन तेवढाच रद्द करता येतो. मूळचा अ‍ॅडमिन परवाना मात्र असा रद्द होत नाही. तो फुटला असेल तर नोड पुन्हा सुरू करून, अनलॉक करण्याआधी, 'चेंजपासवर्ड' आज्ञेत नवी मॅकरून-की मागणारा पर्याय वापरावा लागतो.

नोडपर्यंत बाहेरून पोचण्यासाठी राउटरवर 10009 किंवा 8080 हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका. त्याऐवजी टॉर (पत्ता लपवणारं जाळं) किंवा वायरगार्ड (खासगी एन्क्रिप्टेड जोडणी) वापरा.

डिस्क गेली, आता काय

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. फक्त बोर्ड जळला असेल आणि एसएसडी धड असेल तर ती नव्या बोर्डाला लावा. डेटाबेस ताजाच आहे, बाकी काही लागत नाही. डिस्क अर्धवट वाचता येत असेल तर बिघाडाच्या क्षणीचा डेटाबेस वाचवायचा प्रयत्न जाणकाराकडून करून घ्या. हाती फक्त जुना डेटाबेस असेल आणि चॅनल बॅकअपची फाइल नसेल, तर तो सुरू करू नका. चॅनटूल्स हे साधन अशा जुन्या डेटाबेसमधून स्टॅटिक बॅकअपची फाइल बनवून देतं.

डिस्क पूर्ण गेली असेल तर नव्या यंत्रावर बिटकॉइन कोअर आधी पूर्ण सिंक होऊ द्या. मग 'क्रिएट' देऊन जुनं सीड आहे असं सांगा, शब्द आणि पासफ्रेज द्या. किती पत्ते पुढे तपासायचे या प्रश्नाला नेहमीचं उत्तर 2,500 आहे, ते तसंच ठेवा. साखळीवरची (चॅनलबाहेरची) शिल्लक शोधण्याचं काम कुठवर आलं हे 'गेटरिकव्हरीइन्फो' दाखवतं. त्यानंतर 'रिस्टोरचॅनबॅकअप' आज्ञेला सगळ्यात ताजी फाइल द्या. तुमचा नोड प्रत्येक साथीदाराला जोडून सांगतो की माझा हिशेब हरवला आहे, आणि साथीदार त्याच्याकडच्या ताज्या हिशेबाने चॅनल सक्तीने बंद करतो. सगळी चॅनल बंद होतात. बॅकअप चॅनल वाचवत नाही, पैसे वाचवतो. साथीदार ऑफलाइन असेल तर थांबावं लागतं, आणि तेव्हाच ती पत्त्यांची यादी हातात घेऊन लोकांना गाठायचं असतं. 'पेंडिंगचॅनल्स' रिकामं होईपर्यंत या यंत्राला हात लावू नका.

अशा वेळी मदतीच्या नावाखाली संदेश येतात. सीड मागणारा, 'वॉलेट पडताळणी'चं पान पाठवणारा किंवा एनीडेस्क (दुरून तुमचा संगणक चालवू देणारं अ‍ॅप) चालू करायला सांगणारा प्रत्येक जण चोर आहे. याला अपवाद नाही.

शब्द फुटल्याची शंका आली तर

पासवर्ड बदलून काहीही होत नाही, कारण सीड तेच राहतं. आधी साखळीवरची शिल्लक वेगळ्या सीडच्या वॉलेटमध्ये, शक्यतो हार्डवेअर वॉलेटमध्ये हलवा. शब्द हाती असलेला माणूस सगळ्यात आधी तीच उचलेल. मग प्रत्येक चॅनल सहमतीने बंद करा आणि बंद करताना पैसे कुठे जायचे तो पत्ता नव्या वॉलेटचा द्या. 'क्लोजचॅनल' आज्ञेत त्याचा पर्याय आहे. चॅनल उघडताना परतीचा पत्ता आधीच ठरवून दिला असेल तर तो बदलता येत नाही. अशा वेळी पैसे जुन्या वॉलेटमध्ये दिसताच पुढे काढा. सगळं रिकामं झाल्यावरच नव्या सीडचा नवा नोड उभा करा. नोडची जुनी ओळख आणि कमावलेली पत जाते, ती जाऊ द्या.

घरच्यांसाठी

बँकेच्या खात्यासारखं इथे नामनिर्देशन नसतं. शब्द मृत्युपत्रात लिहू नका, ते अनेकांच्या हातांतून जातं. मृत्युपत्रात फक्त एवढंच लिहा की अशी मालमत्ता आहे आणि सूचनांचं पत्र अमुक ठिकाणी आहे. त्या पत्रात शब्द नकोत. ते कुठे आहेत, पासफ्रेज कुठे आहे, चॅनल बॅकअपची ताजी फाइल कोणत्या खात्यात येते आणि मदतीला कोणाला बोलवायचं, एवढं असावं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहा: "यंत्र बंद करू नका, जाणकार येईपर्यंत चालू ठेवा, आणि त्याच्यासमोर बसल्याशिवाय शब्द कुठेही टाइप करू नका." पत्र लिहून झालं की घरातल्या ज्या माणसाला ते वापरावं लागेल त्याला वाचायला द्या, आणि त्याला जिथे जिथे कळलं नाही तिथे पत्र पुन्हा लिहा.